एका परवानगीपत्राची हकिगत

घरून काम करणं हा आपल्याकडे नोकरदाराचा कायदेशीर हक्क नाही. सुरुवातीलाच हे लिहिते, कारण मला फोन करणाऱ्या बहुतेक मुलींची समजूत उलटी असते. "ताई, बाळंतपणानंतर घरून काम द्यावंच लागतं ना?" द्यावंच लागत नाही. पण मागता येतं, त्या मागणीला कायद्यात जागा आहे आणि कागदपत्रं जागच्या जागी असतील तर कंपनीला ती उडवून लावणं जड जातं. मला ते कसं मिळालं, कुठे अडलं आणि काय मिळालंच नाही, ते सांगते.

मी पुण्यातल्या एका कंपनीत पगारपत्रकांचं काम करते. कंपनी बाहेरच्या उद्योगांचे पगार करून देते. माझ्याकडे ब्रिटनमधल्या एका उद्योगाचं काम आहे. मी २०१८ मध्ये लागले. २०२० साली टाळेबंदीत कंपनीने लॅपटॉप हातात देऊन सगळ्यांना घरी पाठवलं, तेव्हा मी पास काढून गुहागर तालुक्यात सासरी आले. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याला पुण्यात बदली मिळणं शक्य नव्हतं आणि मला गुहागरात माझ्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळणं. लग्नानंतर आमचा संसार रात्रीच्या एसटीवरच चालला होता. शुक्रवारी रात्री निघायचं, पहाटे चिपळूण, मग गुहागरची गाडी. पाऊस जास्त झाला आणि कुंभार्ली घाटात दरड आली की तो आठवडा गेला. त्यामुळे टाळेबंदीचे दिवस जगाला जड गेले असतील, पण आम्ही नवरा-बायको म्हणून एका घरात राहायला लागलो ते त्या दिवसांत.

गावातून काम होतं का, असा प्रश्न पुण्यातले लोक अजून विचारतात. होतं, पण त्यासाठी घर उभं करावं लागतं. मी आले त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्याकडे तेवढं नुकसान झालं नाही, पण काय होऊ शकतं ते दिसलं. मग दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर घेतला, फायबर घेतली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घेतली. माजघरालगतच्या खोलीला दार नव्हतं, ते बसवून घेतलं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जातेच. फणसाची फांदी तारेवर येते, डीपीवरचा फ्यूज उडतो, मग लाइनमन भर पावसात लांब काठी घेऊन चिखलातून येतो आणि सगळी वाडी पडवीत उभी राहून त्याच्याकडे बघत असते. ते सगळं चालू असताना मी आत बसून कुणाचा तरी पगार तपासत असते, कारण राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर आहेत. फायबर मात्र विजेपेक्षा जास्त छळते. रस्त्याकडेला कुठे जेसीबी लागला की समजायचं. ती जोडायला येणारा मुलगा आता घरच्यासारखा झाला आहे, त्याला फोन केला की तो आधी विचारतो, "वहिनी, लाल दिवा लागलाय का?"

चार वर्षं असं काम केलं. एकदाही पगार उशिरा गेला नाही. हे मी अभिमानाने लिहिते.

२०२४ च्या सुरुवातीला मुलगी झाली. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांऐवजी २६ आठवडे मिळते. ती मला विनातक्रार मिळाली. रजेवर असतानाच, मे महिन्यात, सगळ्या कर्मचाऱ्यांना मेल आला. जुलैपासून आठवड्यात तीन दिवस कार्यालयात यायचं, दोन दिवस घरून. नाव हायब्रिड.

शहरात राहणाऱ्याला हायब्रिड म्हणजे सवलत वाटते. तीन दिवस गर्दीत, दोन दिवस घरी. गुहागरात राहणाऱ्या माणसाला तीन दिवस पुणे म्हणजे सातही दिवस पुणे. खोली भाड्याने घ्यायची, डिपॉझिट भरायचं, तान्ह्या मुलीला सांभाळायला बाई शोधायची, नवऱ्याला परत आठवड्याचा पाहुणा करायचं. आठवड्यातला एक दिवस जरी कार्यालयात सक्तीचा केला तरी आमच्यासारख्यांचं घर मोडतं. धोरणं लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण ते सगळे कार्यालयापासून तासाभराच्या अंतरावर राहतात.

मी आधी माझ्या सरांना फोन केला. ते माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, "तुझं काम मला माहीत आहे, पण धोरण वरून आलंय. एकीला दिलं की दहा जण मागतील." एचआरमधल्या मॅडमनी तेच जरा गोड शब्दांत सांगितलं. दोन्ही उत्तरं तोंडी होती. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "अगो, ते काय बोलले ते लिहून मागव की. बोललेलं उद्या कोण कबूल करणार?" सासूबाईंनी जमिनीच्या वाटणीचे खटले बघितले आहेत.

त्यांच्याच ओळखीतून मी चिपळूणच्या एका वकीलबाईंकडे गेले. लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या कामगारांची प्रकरणं त्यांनी वर्षानुवर्षं चालवली आहेत. मी माझी सगळी कहाणी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "नेमणूकपत्र आणलंस? आणि घरून काम करा असं सांगणारा पहिला मेल?" दोन्ही आणले होते. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण पुणे लिहिलेलं आणि पुढे ओळ, कंपनी सांगेल त्या ठिकाणी काम करावं लागेल. २०२० च्या मेलमध्ये लिहिलं होतं, पुढील सूचना मिळेपर्यंत घरून काम करावं. बाईंनी त्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाल्या, "तुझी बाजू इथे कच्ची आहे. आता पक्की कुठे आहे ते बघू."

पक्की कुठे, तर तिथे. मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ५ मध्ये २०१७ च्या दुरुस्तीने पाचवं उपकलम आलं. बाईला दिलेलं काम घरून करता येण्यासारखं असेल, तर रजा संपल्यावर मालक तिला घरून काम करू देऊ शकतो. किती काळ आणि कोणत्या अटींवर ते दोघांनी मिळून ठरवायचं. यात सक्ती नाही. पण घरून काम हा विषय संसदेने केलेल्या कायद्यात नावानिशी आहे, त्यामुळे 'आमच्या धोरणात बसत नाही' हे उत्तर पुरेसं होत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयासमोर २०२१ मध्ये अशी एक याचिका आली होती. संरक्षण खात्याशी संबंधित संशोधन केंद्रातल्या कर्मचारी बाईंची. काम गुंतागुंतीचं आणि संवेदनशील, घरून होण्यासारखं नाही, म्हणून त्यांना ती सवलत मिळाली नाही. वकीलबाई म्हणाल्या, "म्हणजे सगळं कामाच्या स्वरूपावर येऊन थांबतं. तुझं काम घरून होतं हे तुला सिद्ध करायचं नाहीच, ते कंपनीनेच चार वर्षं सिद्ध केलंय. फक्त ते मांड."

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते कलम १२. या कायद्याखाली बाई रजेवर असताना तिला कामावरून काढता येत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत असतं. त्याच कलमात पुढे आहे की त्या काळात तिच्या सेवेच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलताही येत नाहीत. माझी रजा चालू असतानाच तीन दिवसांचं धोरण आलं होतं. मी जवळजवळ खुर्चीतून उठलेच. बाईंनी परत बसवलं. "घरून काम ही तुझ्या सेवेची अट होती का? कागदावर तर 'पुढील सूचना मिळेपर्यंत' आहे." हीच सगळ्या प्रकरणातली खरी गाठ. चार वर्षं घरून काम केलं, तरी त्याचा एकही असा कागद नव्हता की ज्यावर माझं कामाचं ठिकाण गुहागर आहे असं लिहिलेलं असेल.

दुसरा एक मुद्दा त्यांनी काढला तो कारखान्यांच्या दुनियेतला. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ प्रमाणे ठरावीक सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे, आणि त्या यादीत रूढ सवलत काढून घेणं हेही होतं. चार वर्षांचं घरून काम ही रूढ सवलत झाली का, हा वादाचा विषय. शिवाय हे संरक्षण त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे जो 'कामगार' असेल त्यालाच. लेखनिकी आणि तांत्रिक काम करणारे त्यात येऊ शकतात, हुद्द्याचं नाव काहीही असलं तरी. पण त्यासाठी भांडावं लागतं, आणि मला भांडण नको होतं, नोकरी हवी होती. तो मुद्दा आम्ही बाजूला ठेवला.

पाळणाघराचा मुद्दा मात्र ठेवला. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, असं कलम ११अ सांगतं. बाईला नेमताना या कायद्याखालचे सगळे लाभ तिला लेखी आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवायचे, हेही त्याच कलमात आहे. माझी नेमणूक २०१८ ची, दुरुस्तीनंतरची. मला तसं काही कळवल्याचा मेल शोधूनही सापडला नाही.

पहिला अर्ज मी जूनमध्येच पाठवला, रजा संपायच्या बराच आधी. दोन परिच्छेदांचा, सभ्य. उत्तर आलं ते एका ओळीचं. आपली विनंती सध्याच्या धोरणानुसार मान्य करता येत नाही. कारण काही नाही, आणि ज्या कलमाचा मी उल्लेख केला होता त्याबद्दल चकार शब्द नाही. पण आता नकार लेखी होता, आणि तेवढ्यानेही गोष्ट पुढे सरकली, कारण लेखी नकाराला लेखी उत्तर देता येतं.

दुसरा अर्ज वकीलबाईंच्या पडवीत बसून तयार केला. त्यातला मुख्य भाग देते, कुणाच्या उपयोगी पडला तर पडो.

"मातृत्व लाभ कायदा १९६१, कलम ५(५) अन्वये ही विनंती करीत आहे. मला दिलेलं काम संगणकावर होणारं असून मार्च २०२० पासून ते मी घरूनच केलं आहे. या काळातले माझे वार्षिक मूल्यमापन अहवाल जोडले आहेत. मी एक वर्षासाठी घरून काम मागत आहे. वर्षअखेरीस दोन्ही बाजूंनी आढावा घ्यावा. वीज आणि इंटरनेटची पर्यायी व्यवस्था सोबतच्या पानावर दिली आहे. माहितीच्या सुरक्षिततेबाबत कंपनीच्या अटी मला मान्य आहेत. कंपनीला ही विनंती मान्य करणं शक्य नसल्यास, माझ्या कामाचं स्वरूप घरून करण्यासारखं का नाही ते कृपया लेखी कळवावं. तसंच कार्यालयात रुजू व्हायचं झाल्यास कलम ११अ प्रमाणे पाळणाघराची व्यवस्था कुठे आहे, तेही कळवावं."

सोबतचं पान मी आणि नवऱ्याने रात्री बसून लिहिलं. इन्व्हर्टर किती तास चालतो, फायबर गेली तर कोणतं सिम, दोन्ही गेलं तर काय. तिसऱ्या शक्यतेसाठी चिपळूणला नणंदेचं घर लिहिलं, ४०-४५ किलोमीटर, तिथे शहरातली वीज आणि वेगळी फायबर. पगाराच्या आठवड्यात हवामान खात्याने रेड अलर्ट दिला तर मी आदल्या दिवशीच तिकडे जाईन, असंही. चिपळूण निवडलं म्हणून नवरा हसला, कारण २०२१ च्या २२ जुलैचा पूर आम्ही विसरलेलो नाही. पण नणंद तिसऱ्या मजल्यावर राहते.

या वेळी एका ओळीचं उत्तर आलं नाही. व्हिडिओ बैठक लागली. एचआरचे प्रमुख, माझे सर आणि माहिती सुरक्षा बघणारे एक गृहस्थ. बैठक चांगली झाली हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सुरक्षावाल्यांचे प्रश्न रास्त होते. लोकांचे पगार, बँक खाती, पत्ते माझ्या पडद्यावर असतात. खोलीला दार आहे का, कुलूप आहे का, घरात प्रिंटर आहे का, पाहुणे आले तर पडदा कुणाला दिसतो. मी लॅपटॉप फिरवून खोली दाखवली. प्रिंटर नाही. पडद्यावर लावायची ती काळी काच कंपनीने पाठवावी म्हटलं, ती त्यांनी पाठवली.

मग प्रमुखांनी विचारलं, "मॅडम, बाळ रडलं तर?" हा प्रश्न पुरुषाला कधी विचारला जात नाही, पण मी चिडले नाही, कारण उत्तर माझ्यापाशी तयार होतं. कामाच्या वेळात मुलीला सासूबाई आणि शेजारच्या काकू बघतात. घरून काम म्हणजे एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने काम, असं मी मागितलंच नव्हतं. मला हवं होतं ते एवढंच की दूध पाजायला दार उघडून पलीकडच्या खोलीत जाता यावं आणि काम संपल्यावर मी घरी असावं. घरून काम मागणाऱ्या प्रत्येकीने हे स्पष्ट बोलावं असं मला वाटतं. मूल सांभाळायची सोय आहे, हे सांगितलं की समोरच्याचा अर्धा संशय जातो.

पाळणाघराच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. एका पाळणाघराशी बोलणी चालू आहेत, एवढंच म्हणाले. मला वाटतं माझ्या अर्जातली सगळ्यात वजनदार ओळ तीच ठरली.

रजा संपली तेव्हा निर्णय झाला नव्हता. मी शिल्लक अर्जित रजा टाकली. ते दिवस वाईट गेले. नोकरी सोडावी लागेल असं रोज वाटायचं, मुलगी रात्री जागवायची आणि बाहेर पाऊस थांबत नव्हता. नवरा म्हणाला, सोड, आगरात आणि माझ्या पगारात भागेल. भागलं असतं. पण माझं काम मी का सोडायचं, या प्रश्नाला त्याच्याकडेही उत्तर नव्हतं.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. एक पान आणि मागे अटी. एका वर्षासाठी घरून काम, कामाचं ठिकाण म्हणून गुहागरचा पत्ता. दर तीन महिन्यांनी एक आठवडा पुण्यात, प्रवास आणि राहण्याचा खर्च कंपनीचा. कंपनीला मला मुदतीआधी परत बोलवायचं असेल तर ६० दिवसांची सूचना. मी मसुदा बाईंना वाचून दाखवला, त्यांनी एक गोष्ट पकडली. कामाचे तास 'गरजेप्रमाणे' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, हे खोडायला लाव. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, आणि रात्री साडेनऊनंतर बाईकडून काम घ्यायचं तर तिची संमती लागते. घरात बसलेल्या बाईलाही तासांची मर्यादा लागू आहे, पण घराला हजेरीपट नसतो, म्हणून तास पत्रातच हवेत. ब्रिटनच्या सकाळच्या आठला उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेबारा वाजतात. मी साडेबारा ते साडेनऊ मागितले, मध्ये सुट्टी धरून. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे मला साडेदहापर्यंत बसावं लागलं असतं. तेव्हाही साडेनऊलाच उठणार, असं लिहून घेतलं. आता रात्री साडेनऊनंतर फोन आला तर मी दुसऱ्या दिवशी उत्तर देते आणि कुणी काही म्हणत नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क कायद्याने मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, २०२५ च्या डिसेंबरमध्ये परत मांडलं. ते कायदा झालेलं नाही. माझ्यापुरता तो हक्क त्या एका ओळीत आहे.

एक गोष्ट बाईंनी जाता जाता सांगितली ती इथे लिहून ठेवते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामाच्या जागेत राहतं घरही धरतो. म्हणजे घरून काम करताना वरिष्ठाने व्हिडिओवर किंवा संदेशातून काही केलं, तर अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. घरी होतीस मग कसली तक्रार, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

काय मिळालं नाही तेही सांगते. इंटरनेटचा खर्च मिळतो, विजेचा आणि बॅटरीचा नाही. बॅटरी आमच्या खाऱ्या हवेत लवकर जाते, हे पुण्यात पटवून देता आलं नाही. आणि बढती. घरून काम करणाऱ्याला टीम लीड करत नाहीत, असं मला तोंडी सांगितलं गेलं. लेखी मागितलं तर दिलं नाही. माझ्यानंतर आलेला मुलगा आज त्या जागेवर आहे. तो हुशार आहे, पण त्याला काम मी शिकवलं, व्हिडिओवरून, गुहागरातून. हे मला अजून सलतं.

कामावर परत आल्यावर एक प्रकार झाला. ज्या ब्रिटिश उद्योगाचे पगार मी करते, तिथल्या एका बाईने कामाचे दिवस आणि जागा बदलून मागितली होती. तो बदल मलाच पगारात भरायचा होता. तिकडच्या समन्वयक बाईंना मी सहज विचारलं, किती दिवस लागले? त्यांनी नियम सांगितला. तिकडे ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अशी विनंती करता येते, वर्षातून दोनदा. मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा, नाकारण्याआधी माणसाशी चर्चा करायची, आणि नाकारायचं तर कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकीच कारण द्यायचं. आयर्लंडमध्येही २०२४ पासून घरून कामाच्या विनंतीला मालकाने साधारण चार आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं. तिथेही घरून काम मिळेलच असं नाही. नेदरलँड्समध्ये याहून पुढे जाणारं विधेयक २०२३ मध्ये वरच्या सभागृहात पडलं. पण या देशांत विचारलं तर उत्तर मिळण्याचा हक्क आहे. बाप मागू शकतो, म्हाताऱ्या आईला सांभाळणारा मागू शकतो, कुणीही मागू शकतो. त्यांचे पगार करणारी मी, मला एका ओळीचा नकार आला तेव्हा कारण विचारायला कायद्यात कुठेच जागा नव्हती. मी ते विचारलं ते माझ्या हिमतीवर आणि वकीलबाईंच्या.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला तर कायद्यात माझ्याइतकीही जागा नाही. आईला अर्धांगवायू झाला, वडील नाहीत, बहीण लग्न होऊन गेलेली. मुंबईत नोकरी, काम संगणकावरचं. त्याने माझा अर्ज नेला, पण कलम ५(५) पुरुषाला लागू नाही आणि आईचं आजारपण कोणत्याच कायद्यात बसत नाही. २०२० च्या अखेरीस केंद्राच्या कामगार मंत्रालयाने सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या नियमांच्या नमुन्याचा, मसुदा काढला होता, त्यात घरून कामाचा उल्लेख आला, पण तिथेही सगळं मालकाच्या मर्जीवर. स्वतःला अपंगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीसुविधांची तरतूद आहे. सरकारी आस्थापनांवर त्या देण्याचं बंधन आहे आणि खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. आईला अपंगत्व आलं तर मुलाला त्यातलं काही लागू होत नाही. त्याने गेल्या वर्षी नोकरी सोडली. आता गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. शिकलेली मुलं कोकणात थांबत नाहीत म्हणून भाषणं होतात. हा मुलगा थांबला, पण ज्या कामासाठी शिकला ते काम सोडून.

२०२५ च्या २१ नोव्हेंबरला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. मातृत्व लाभाचा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, आणि घरून कामाची तरतूद तिथे तशीच आली आहे, तिच्यातली ढिलाईही तशीच. सेवाशर्ती बदलताना नोटीस देण्याची तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आहे. अर्ज करणाऱ्यांनी आता नव्या संहितांचा उल्लेख करावा. जुन्या कायद्याचं कलम लिहिलेला अर्ज परत पाठवायला निमित्त मिळायला नको.

माझं पत्र गेल्या ऑगस्टमध्ये एका वर्षाने वाढवून मिळालं. पुढच्या वर्षासाठीचा मसुदा सध्या चालू आहे. मी या वेळी बॅटरीचा खर्च परत मागितला आहे, टीम लीडच्या जागेसाठी अर्ज करण्यापासून घरून काम आड येणार नाही असं लिहून मागितलं आहे, आणि एक नवं वाक्य घातलं आहे: मुदतवाढ नाकारायची असल्यास कंपनी १५ दिवसांत कारणं लेखी देईल. बॅटरीचं उत्तर अजून आलेलं नाही. टीम लीडच्या ओळीवर एचआरने प्रश्नचिन्ह टाकून मसुदा परत पाठवला आहे. कारणांचं वाक्य त्यांनी ठेवलं, फक्त १५ चे ३० दिवस केले. मी ३० मान्य केले.